आज बाळ हललं का?

गेल्या महिन्यात एका डोहाळजेवणाला जाण्याचा योग आला. कुंभार पिंपळगावात इतकी वर्षे दवाखाना चालविल्यावर अशी निमंत्रणे येतात आणि जाणे टाळताही येत नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, शेजारणींची गाणी, वाटीखाली पेढा आहे की बर्फी हे ओळखण्याचा खेळ, सारे यथासांग पार पडले. निघताना मी मुलीच्या सासूबाईंना सहज विचारले, "आजी, हिचे कार्ड कुठे आहे?"

"कार्ड असंल ट्रंकेत," त्या म्हणाल्या, "पण साहेब, पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झालीय की. समदं नॉर्मल हाय म्हणले."

आजींचे उत्तर प्रामाणिक होते. पाचव्या महिन्यात सारे ठीक होते, यात शंका नाही. परंतु त्यानंतर दोन महिने उलटले होते आणि या दोन महिन्यांत पोटातील जीव किती वाढला, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. शेत पेरल्यावर एकदा उगवण पाहिली आणि मग थेट कापणीलाच गेलो, असे आपण कधी करीत नाही. बाळाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा तसेच घडते.

हे पाक्षिक ज्येष्ठ मंडळी वाचतात, म्हणूनच हा विषय आज येथे घेतो आहे. आपल्या भागात गर्भवती मुलगी स्वतःहून दवाखान्यात क्वचितच येते. काही वेगळे वाटले तर ती आधी सासूला किंवा आईला विचारते. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो. दवाखान्यात जायचे की थांबायचे, हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांच्या एका वाक्यावर ठरतो. ते वाक्य कोणते असावे, हे आजच्या लेखाचे सूत्र आहे.

वाढ मोजायची कशी?

पहिली गोष्ट म्हणजे दिवसांचा हिशेब. जुन्या पद्धतीत आपण 'सातवा लागला', 'नववा लागला' असे म्हणतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात आणि ४० आठवडे म्हणजे २८० दिवस धरतात. तारीखच चुकली तर पुढची सगळी मापे चुकतात. मुलीला तारीख आठवत नसेल तर ज्येष्ठांची स्मरणशक्ती कामी येते. पोळ्याच्या आधी की नंतर, गौरी बसल्या त्या आठवड्यात की पुढच्या, असे सणावारांवरून मी कित्येकदा तारीख काढली आहे. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी हा हिशेब पक्का करते. तीच सोनोग्राफी उशिरा केली तर तारीख सांगण्यात तिची चूक वाढत जाते.

दुसरी गोष्ट पोटाची उंची. साधारण १२ आठवड्यांना गर्भाशयाचा वरचा काठ ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागतो, २० आठवड्यांच्या सुमारास तो बेंबीपर्यंत येतो आणि ३६ आठवड्यांना छातीच्या हाडाखाली पोहोचतो. २४ आठवड्यांनंतर टेपने मोजलेले सेंटीमीटर आणि आठवडे जवळजवळ सारखे येतात. दोनाचा फरक चालतो. तीस आठवड्यांच्या गर्भवतीचे माप २६ आले, तर बाळ मागे पडत आहे का, हे सोनोग्राफीने पाहावे लागते. यासाठी शिंप्याकडे असते तशी एक टेप पुरते. प्रत्येक तपासणीत हे माप घेतले जावे, असा आग्रह घरच्यांनी धरावा.

तिसरी गोष्ट आईचे वजन. नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वजन वाढणे अपेक्षित असते. मुळात बारीक असलेल्या मुलीचे याहून अधिक वाढावे. चौथ्या महिन्यापासून दरमहा दीड-दोन किलो वाढ दिसायला हवी. वजन वाढतच नसेल तर बाळाला अन्न पुरते का, हा प्रश्न उभा राहतो. उलट एका महिन्यात तीन किलोंहून अधिक वाढले आणि चेहऱ्यावर, हातांवर सूज दिसली, तर रक्तदाब तपासलाच पाहिजे. 'तब्येत छान भरली' म्हणून कौतुक करण्याची ती वेळ नसते.

याशिवाय रक्तदाब, लघवीतील प्रथिने, हिमोग्लोबिन आणि ग्लुकोजचे पाणी प्यायला देऊन दोन तासांनी केली जाणारी साखरेची तपासणी, या चारही गोष्टी आईच्या नावाने होत असल्या तरी त्यांचा संबंध बाळाशी आहे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला की वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट काम करीत नाहीत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. त्यात बाळाला मिळणारा प्राणवायूच तोकडा पडतो. साखर वाढली तर बाळ अवाजवी मोठे होते, आणि तेही धोक्याचेच.

हे सारे माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असते. कार्ड ट्रंकेत ठेवू नये. ते देवघराजवळ, सर्वांच्या नजरेत असावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य संस्थांमध्ये या तपासण्या विनामूल्य होतात. २०१६ पासून हा दिवस ठरलेला आहे.

सोनोग्राफी काय सांगते आणि काय सांगत नाही

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी गर्भ पाहता येतो हे जगापुढे मांडले. त्याआधी आमच्या हाती होते ते फ्रान्सच्या पिनार यांचे कर्ण्यासारखे लाकडी नळकांडे. त्याचे एक टोक पोटावर, दुसरे कानाला, आणि बाळाचे ठोके मोजायचे. मिनिटाला ११० ते १६०. माझ्या टेबलावर आजही ते आहे.

सोनोग्राफीने फार मोठी सोय केली, हे खरे. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी तारखेसाठी, १८ ते २० आठवड्यांची व्यंगांसाठी आणि आठव्या महिन्यातील वाढीसाठी. त्यातच डॉपलर तपासणी केली तर नाळेतून रक्त कसे वाहते तेही कळते. तरीही सोनोग्राफी हे त्या दिवसाचे चित्र आहे. महिन्यापूर्वीचा चांगला अहवाल आजच्या रात्रीची हमी देत नाही.

आणि वाटीखालच्या पेढ्या-बर्फीचा खेळ खेळापुरताच राहू द्यावा. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हे आहेत. असा कायदा देशात सर्वप्रथम आपल्या महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. पुढे १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आल्यावर आजीने विचारण्याचा प्रश्न एकच, 'वाढ आठवड्यांप्रमाणे आहे ना?'

बाळाची हालचाल

या सर्व साधनांच्या आधीपासून एक साधन प्रत्येक आईजवळ आहे. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास आणि दुसऱ्या खेपेच्या आईला त्याहून थोडे आधी बाळाची हालचाल जाणवू लागते. प्रथम फडफड, मग लाथा, कुशी बदलणे. सातवा महिना संपेपर्यंत प्रत्येक बाळाची सवय ठरते. कोणी रात्री जास्त खेळते, कोणी जेवणानंतर.

हालचाल कमी होण्याचा अर्थ काय, हे आमच्या मराठवाड्यातील ज्येष्ठांना समजावणे मला कधी अवघड गेले नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की पाणी आटले की आधी शेताचे बंद होते, मग जनावरांचे कमी होते आणि उरलेले माणसांच्या पिण्यासाठी राखले जाते. वारेतून रक्त कमी येऊ लागले की बाळही तेच करते. मेंदू आणि हृदय यांसाठी रक्त राखून ठेवते, पोट आणि हातपाय यांचे कमी करते. म्हणून ते बारीक राहते. पुढे शक्ती वाचवण्यासाठी ते हालणेही कमी करते. बाळाने हालचाल कमी करणे हा त्याचा निरोप असतो, आणि बहुधा तो वेळेवर दिलेला असतो.

मोजायचे कसे? सात महिने पूर्ण झाल्यावर रोज एका ठरावीक वेळी, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, मुलीने डाव्या कुशीवर निवांत पडावे आणि हालचाली मोजाव्यात. लाथ, हात मारणे, कूस बदलणे, सारे धरावे. उचकीसारखे लयीत येणारे धक्के धरू नयेत. दोन तासांत दहा हालचाली व्हाव्यात. बहुतेक बाळे त्याहून पुष्कळ आधीच दहा पूर्ण करतात. बाळ मध्ये झोपते, पण ती झोप साधारण २० ते ४० मिनिटांची असते. दीड तासाहून अधिक क्वचितच.

दहा हा आकडा मोजण्याच्या सोयीसाठी आहे. दहा झाल्या, तरी 'आज नेहमीसारखे नाही' असे आई म्हणत असेल तर तिचे म्हणणे आकड्याहून मोठे मानावे. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना गाठावा. हालचाल पूर्ण थांबली असेल तर दोन तास मोजत बसण्याचेही कारण नाही; तत्काळ निघावे.

आता त्या वाक्याकडे येतो. 'नववा लागला की बाळ शांत होतं, जागा नसते त्याला.' हे वाक्य मी या परिसरात शेकडो वेळा ऐकले आहे. ते चूक आहे. शेवटच्या महिन्यात बाळाचे डोके खाली सरकते, पोट उतरते, श्वास मोकळा होतो. लाथांऐवजी सरकण्याची, ढकलण्याची जाणीव अधिक होते. हालचालीचा प्रकार बदलतो, प्रमाण कमी होता कामा नये.

एका रात्रीची गोष्ट

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरीही एकदा चुकलो. गोष्ट वीस वर्षांहून जुनी आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. सायंकाळी दवाखान्यात गर्दी होती. जवळच्या वस्तीवरून एक आजी आल्या होत्या, स्वतःच्या गुडघ्याचे औषध न्यायला. जाता जाता म्हणाल्या, "सून म्हणती आज लेकरू कमी हलतंय. मी म्हणलं, नववा हाय, दमलं असंल. पर म्हणलं, इचारावं."

मी मान डोलावली. "साखरपाणी द्या, डाव्या कुशीवर झोपवा. सकाळी घेऊन या," असे सांगितले आणि पुढचा रुग्ण बोलावला.

सकाळी ते आले. मी नळकांडे पोटावर ठेवले. जागा बदलून पुन्हा ठेवले. मुलगी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी तिला काही न सांगता जालन्याला पाठवले, कारण सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. बाळ गेलेले होते. दिवस पूर्ण भरले होते, वजन मात्र दोन किलोंच्याही आत होते. म्हणजे ते काही आठवडे मागे पडत आले होते. तिच्या कार्डावर शेवटच्या दोन महिन्यांचे रकाने रिकामे होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच आजींनी मला विचारले, "साहेब, रातीच आणलं असतं तर?" रात्री आणले असते तर बाळ वाचलेच असते, असे मी सांगू शकलो नाही. ते कोणीच सांगू शकणार नाही. पण एक संधी होती आणि ती आम्ही दोघांनी मिळून घालवली. त्यांनी धीर दिला, मी त्याला दुजोरा दिला. जिच्या पोटात बाळ होते तिला कोणी विचारलेच नाही. त्या दिवसापासून 'हालचाल कमी' हे शब्द कानी पडले की मी 'सकाळी' हा शब्द वापरीत नाही.

साखरपाण्यानेही फसगत होते. गोड प्यायल्यावर बाळ दोनदा हलले की घरचे निर्धास्त होतात. तसेच ठोके ऐकू आले म्हणजे सारे ठीक, असेही नाही; थकलेल्या बाळाचेही ठोके ऐकू येतात. त्यासाठी ठोक्यांचा अर्धा तास आलेख काढावा लागतो. त्याला एनएसटी म्हणतात. गरज वाटल्यास सोबत सोनोग्राफीही करतात. ही सोय जेथे आहे तेथेच जावे.

ताटात काय आणि कामात किती

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. त्या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळे वजनाने चांगली होती. ज्यांच्या वाट्याला गर्भारपणात फार कष्टाची कामे होती त्यांची बाळे लहान होती. त्या माता आपल्याच घरांतल्यासारख्या, भाकरी खाणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या होत्या, म्हणून हा अभ्यास मला जवळचा वाटतो.

'जास्त खाल्लं तर बाळ पोसतं आणि बाळंतपण अडतं', या भीतीने सुनेला आखडता घास देणाऱ्या घरांनी याचा विचार करावा. अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ जन्मानंतरही झुंजत राहते. मेथी, तांदुळजा, शेपू, शेवगा, शेंगदाणे, डाळ, दूध, जमल्यास अंडी, आणि आपल्या जिल्ह्याची मोसंबी. यांत महाग असे फारसे काही नाही. लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस, चहासोबत नको आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. कापूस वेचणी, पाण्याच्या घागरी, डोक्यावरचा चाऱ्याचा भारा यांतून तिला मोकळे करावे. सातव्या महिन्यानंतर झोपताना उताणे न झोपता कुशीवर झोपावे. डावी कूस उत्तम.

माहेरी जाताना, फडावर जाताना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत प्रेमाची आहे. परंतु ऐन आठव्या-नवव्या महिन्यात, जेव्हा देखरेख सर्वांत जास्त हवी, तेव्हाच मुलीचे गाव आणि डॉक्टर बदलतात. ओटी भरताना कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि रक्तगटाचा कागद पिशवीत घालावा आणि विहिणीच्या हाती सोपवावा. शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, हे तोंडीही सांगावे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत म्हातारी माणसे गावी राहतात आणि गर्भवती सून फडावर जाते. जाणे टाळता आले तर उत्तम. टाळता येत नसेल तर कार्ड सोबत द्यावे, कारखान्याजवळच्या आशाताईंची गाठ घेण्यास सांगावे आणि रोज सायंकाळी फोन करावा. फोनवर उसाचे, उचलीचे बोलणे होतेच, त्याआधी एक प्रश्न विचारावा, "आज बाळ हललं का?"

लगेच निघायचे कधी?

हालचाल कमी झाली किंवा थांबली, अंगावरून रक्त गेले, कळांविना पाणी गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, चेहऱ्यावर सूज आली, झटका आला किंवा ताप चढला, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय करीत थांबू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. आपल्या गावांहून जालन्याचे स्त्री रुग्णालय गाठायला वेळ लागतो, आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला त्याहून अधिक. म्हणून आडवेळी कोणाची गाडी मिळेल, सोबत कोण जाईल, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. तपासणीत सारे ठीक निघाले तर फेरी वाया गेली असे मानू नये, आणि दुसऱ्यांदा तसेच वाटले तर दुसऱ्यांदाही जावे.

सारे व्यवस्थित करूनही कधी कधी बाळ हाती लागत नाही. अशा वेळी 'तूच धडपणे सांगितलं नाहीस' असे त्या मुलीला कोणी म्हणू नये. ती आयुष्यभर स्वतःला तेच विचारीत असते.

दोन वर्षांपूर्वी एका घरातील आजोबा, सत्तरी ओलांडलेले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज रात्री एक फुली मारीत. सुनेने दहा झाल्या म्हटले की फुली. तिलाही त्यांच्याशी बोलायला आधी संकोच वाटे, मग त्याची सवय झाली. एका रात्री साडेनऊपर्यंत फुली पडली नाही. आजोबांनी मला फोन केला नाही. थेट शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि वाटेत मला कळवले. त्या रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलगी, वजन २ किलो १०० ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. परवा ती लसीकरणानंतर आजोबांच्या कडेवर बसून माझ्या दवाखान्यात आली होती आणि टेबलावरचे ते लाकडी नळकांडे ओढून चोखत होती.

तुमच्या घरी कोणी गर्भवती असेल तर आज रात्री जेवणे झाल्यावर तिला विचारा. आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.